फुली मारलेलं सामान

४ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार-चमत्कार राहू देत. फोन केला की तू मध्येच ठेवून देतेस, तू नाही ठेवलास तर मी ठेवते, म्हणून पत्र. पत्रही तू अर्ध्यात बाजूला टाकशील, पण ते मला इथे ऐकू येणार नाही, तेवढाच फायदा.

बातमी अशी की मी तुझ्या राज्यात येतेय. हसू नकोस. आमच्या मालकांनी सगळ्या गाड्या विकल्या, कचेरीला कुलूप लागणार आहे. दुसऱ्यांची घरं हलवण्यात आपल्या दोन पिढ्या गेल्या आणि आपण स्वतः कधी गल्लीसुद्धा बदलली नाही, त्याची आता एकदम भरपाई होणार. मला तिकडे एका मोठ्या वाहतूक कंपनीत काम मिळालंय. काम हेच, लोकांच्या घरी जायचं, खोल्याखोल्यांतून नजर फिरवायची आणि सामान किती फुटी गाडीत बसेल ते सांगायचं. पगार इथल्यापेक्षा बरा आहे. एक मेला हजर व्हायचंय. नकाशात पाहिलं, तुझ्या गावापासून बसने तासाभरावर आहे. मी मुद्दाम निवडलं नाही, त्यांनीच तिकडे जागा दिली.

आता कामाचं. मला तिकडची भाडी कळव. अनामत किती महिन्यांची मागतात, पाणी रोज येतं का, लाइटबिल भाड्यात धरतात की वेगळं? तू तिकडे इतकी वर्षं राहतेस म्हणून विचारतेय. मी कागद घेऊन बसले की पहिल्या तीन ओळी धडाधड लिहिते, गाडी, टोल, हमाली, आणि मग हात थांबतो, कारण तिकडचं मला काहीच माहीत नाही. गिऱ्हाइकांना मी नेहमी सांगत आले की माणसं गाडीचे पैसे धरतात आणि पोचल्यावरच्या पहिल्या आठवड्याचे धरत नाहीत. गॅस लागलेला नसतो, बादली कुठल्या खोक्यात आहे ते आठवत नाही, आणि दोन वेळा बाहेर जेवून खिसा रिकामा होतो. मला तसं करायचं नाहीये.

कंपनीने जी खोली दाखवलीय ती तिसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट नाही. बाबांना जिना जमत नाही. खालची खोली द्या म्हणून मी त्यांना कळवलंय, बघू काय म्हणतात ते. बाबांना इथे एकटं ठेवणं शक्य नाही आणि तिसऱ्या मजल्यावर चढवणं शक्य नाही, सगळा घोळ तिथे आहे. बाकी पैशांचं मी कसंही जुळवीन.

तुझ्याकडे मी काही मागत नाहीये. फक्त भाडी कळव.

तुझी फूटपट्टी


१९ फेब्रुवारी

ताई,

तुझं उत्तर मिळालं. भाडी, अनामत, पाण्याच्या वेळा, रस्त्यावरचे टोलनाके, सगळं अगदी मुद्देसूद. भाऊजींना टोलबद्दल विचारून लिहिलंस तेही कळलं, त्यांचं अक्षर मी ओळखते. बाबांबद्दल मात्र तू चकार शब्द काढला नाहीस. ठीक आहे. मी तरी कुठे विचारलं होतं?

इकडे माझ्या पायाला भिंगरी लागलीय. सकाळी उठते ती टेप घेऊनच. काल चहा उतू गेला, कारण मी शेगडीसमोर उभी राहून शेगडीच मोजत होते. कंपनीकडून अजून उत्तर नाही. रोज टपाल येतं आणि त्यात माझं काही नसतं.

पण एक चांगली गोष्ट सांगते. अंदाज काढला. मला वाटलं होतं आपल्या घराला अख्खी चौदा फुटी गाडी लागेल आणि माझी साठवण पहिल्याच घासाला संपेल. तर नाही. सगळं मिळून अर्ध्या गाडीतच बसतंय! पुन्हा एकदा फिरले, पुन्हा तेवढंच. आपले ड्रायव्हरकाका आठवतात ना, तुला पुढच्या सीटवर बसवून गल्लीतून चक्कर मारून आणायचे ते? त्यांनी मालकांची एक जुनी गाडी स्वतः विकत घेतलीय. एप्रिलच्या शेवटी त्यांना तुमच्याच बाजूने माल आणायचाय, म्हणजे जाताना गाडी मोकळी. अर्धी जागा दुसऱ्या कुणाच्या सामानाला दिली तर माझ्यावर डिझेलचा अर्धाच भार पडेल. हमालीही निम्मी. मी स्वतःच स्वतःची पाठ थोपटली. इतक्या वर्षांत लोकांची घरं बघून नजर तयार झालीय ती अशी उपयोगी पडते.

तुझं लग्न झालं तेव्हा मी लहान होते, धंद्यातली नव्हते, म्हणून तुला काही गोष्टी माझ्याकडून कळायला हव्यात असं उगाच वाटतं. तुला त्या माझ्याआधीपासून ठाऊक आहेत. तरी लिहिते, कारण हल्ली मी त्याच घोकतेय. आधी लागणारं सामान शेवटी चढवायचं, म्हणजे ते आधी उतरतं. खोक्यावर आत काय आहे ते लिहायचं नाही, कुठल्या खोलीत जायचं ते लिहायचं. आणि जे राहणार आहे त्यावर आधी खडूने फुली. फुली घरच्या माणसाने मारायची, अंदाज काढणाऱ्याने नाही. फुली दिसली की त्या वस्तूकडे बघायचंच नाही, नाहीतर आकडा फुगतो. ज्याने फुली मारली त्यानेच ती पुसायची, हमालाने पुसली तर हमालाची हजेरी कापायची. हे सगळे कचेरीतले बाबांचे कायदे. मालकसुद्धा त्यांना हात लावत नसत.

मी रविवारी खडू घेऊन फिरले. गंजलेला टब, ती डुगडुगणारी शिडी, आईचा मोडका पंखा, सगळ्यांवर फुल्या. खडू खिडकीत ठेवला आणि सोमवारी कागद घेऊन अंदाज काढला. असं सगळं रीतसर.

बाबा तयार आहेत. म्हणजे नाही म्हणाले नाहीत. उलट हल्ली फार शहाण्यासारखे वागतात, मी काही विचारलं की म्हणतात, तुझ्या मनाला येईल तसं कर. त्यांची तब्येत बरी आहे.

फूटपट्टी

ता. क. त्यांनी मला कधीच काही माझ्या मनाप्रमाणे करू दिलेलं नाही, हे मला पत्र बंद करताना सुचतंय.


६ मार्च

ताई,

माझं डोकं ठिकाणावर नाहीये. अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच.

काल ड्रायव्हरकाका सामान बघायला आले. उरलेली जागा दुसऱ्या कुणाला द्यायची तर आपलं नक्की किती ते त्यांना बघायचं होतं. मी कागद हातात दिला. ते प्रत्येक खोलीतून फिरले, वाचत वाचत, मान डोलवत. मग बाहेर येऊन मला म्हणाले, सगळं ठीक आहे, पण बाबांना तिकडे काय रात्रभर उभं ठेवायचा विचार आहे का? मी हसले. मला कळलंच नाही. त्यांनी पुन्हा कागद वाचला आणि त्यांचंही हसू गेलं. कागदावर बाबांची खाट नव्हती.

मी आत गेले. खाटेच्या उशाकडच्या पायावर फुली होती. खुर्चीच्या पाठीवर फुली. त्यांच्या कपड्यांच्या ट्रंकेवर, भिंतीवरच्या आरशावर, काठीवर. दाराशी त्यांच्या चपला होत्या, दोन्ही चपलांच्या टाचांवर छोट्या छोट्या फुल्या, अगदी नीट, जशा ते काचेच्या सामानावर मारायचे तशा.

ताई, अंदाज काढला त्या सोमवारी मी ह्या खोलीत उभी होते. दोनदा फिरले. फुली दिसली की नजर पुढे सरकते, इतकी ती सवय मुरलीय. ज्या माणसाने मला हे शिकवलं त्याने माझ्याच नजरेला फसवलं, आणि मी अर्धी गाडी लागतेय म्हणून नाचत होते. तुला तर मी पत्रात फुशारकी मारून लिहिलं.

बाबा खिडकीशी बसले होते, त्याच खुर्चीत. काकांना आधी वाटेला लावलं. मग विचारलं,

"बाबा, खाटेवर फुली कोणी मारली?"

"ज्याची खाट त्याने."

"आणि तुम्ही कुठे झोपणार?"

"खाटेवर. ती इथेच राहणार म्हटल्यावर मीपण इथेच." वर म्हणाले, "तुझा अंदाज छान बसलाय. आता उगाच बिघडवू नकोस."

मला इतका राग आला की मी खडूच उचलून खिडकीबाहेर भिरकावला. मग रडले. त्यांच्यासमोर नाही, मोरीत जाऊन. मोरीत गेले की मला आणखी रडू येतं, कारण जानेवारीत ते तिथेच पडले. हे मी तुला लिहिलं नव्हतं. उठता येईना, दार आतून बंद, मी कामावर. शेजारच्यांनी बिजागरी उखडून दार काढलं. हाड मोडलं नाही, पण डाव्या पायात तेव्हापासून जोर नाही आणि उजवा हात कापतो. तब्येत बरी आहे असं मी लिहिलं ते खोटं होतं.

संध्याकाळी जेवताना आपणहून बोलले. म्हणाले, "मी आयुष्यभर लोकांचं सामान दारात उतरवलंय. ज्याला आत जागा नसते ते दारातच पडून राहतं. कुणी म्हणतं उद्या बघू, कुणी म्हणतं ह्याचं काय करायचं. मला तसं पडून राहायचं नाही, पोरी."

मी म्हटलं, आत जागा आहे. ते म्हणाले, तिसऱ्या मजल्यावर. मला वाटलं होतं त्यांना ते माहीत नाही. कंपनीचं उत्तर दोन दिवसांपूर्वीच आलं होतं आणि मी ते पिशवीत लपवून ठेवलं होतं. खालची खोली नाही. ह्या घरात कुणापासून काही लपत नाही, फक्त कुणी बोलत नाही.

तू काही लिहू नकोस. किंवा लिही. मला माहीत नाही.


१८ मार्च

ताई,

तू लिहिलंस ते वाचलं. "त्यांनी माझ्यावर फुली मारली होती, आता स्वतःवर मारली. हिशोब बरोबर झाला." टाळीचं वाक्य आहे. लिहिताना तुला बरं वाटलं असेल. मी दोन दिवस ते डोक्यात घेऊन लोकांच्या घरी फिरले आणि एका बाईच्या कपाटाची उंची विचारायच्या जागी तिला म्हटलं, हिशोब बरोबर झाला. ती बिचारी घाबरली.

मी तुझ्याशी भांडणार आहे, पण ते तिकडे आल्यावर. आत्ता माझ्याकडे वेळ नाही.

दुसरा रस्ता म्हणून मी बाबांना इथे ठेवण्याचा खर्चही काढून बघितला. हे घर सोडायचं नाही, भाडं मी तिकडून पाठवायचं, एक बाई सकाळ-संध्याकाळ यायला ठेवायची, डबा लावायचा, औषधं वेगळी. माझा नवा पगार त्यात पार जातो, आणि वर महिन्यातून एकदा मला येऊन जायचं तर ते पैसे कुठून आणू? मग दुसऱ्या बाजूने काढलं, नोकरी सोडायची आणि इथेच काहीतरी बघायचं. इथे आता आमच्या धंद्यात कुणी उरलेलं नाही. पाच ठिकाणी विचारून आले. एकाने मला बसायला खुर्ची दिली, तेवढाच मान. दोन्हींकडून बेरीज खड्ड्यातच जाते. मी कागद चुरगाळते आणि पुन्हा नवा घेते, जणू नव्या कागदावर वेगळं उत्तर येणार आहे.

रात्रंदिवस डोक्यात हेच चाललंय ताई. मी गेले आणि मागे ते पुन्हा पडले तर? नाही गेले आणि आम्ही दोघं ह्या दोन खोल्यांत एकमेकांकडे बघत पैसे संपायची वाट बघत बसलो तर? मला जायचंय हेही खरं आहे. तुला म्हणून सांगते. माझं वय उलटून चाललंय आणि मी कधी कुठे गेले नाही, नुसती लोकांना पाठवत राहिले. त्यांच्या रिकाम्या झालेल्या खोल्यांत शेवटी मी उभी असायचे, खिळे मोजत. ह्या खेपेला मला गाडीत बसायचंय.

तुझ्या त्या वाक्याबद्दल. तू गेलीस त्या दिवशी मी दारामागे उभी होते, मला सगळं आठवतं. तुझं कापडं बेतायचं टेबल, बाबांनी खोक्यांच्या फळ्यांना रंधा मारून तुझ्यासाठी केलेलं, तू ते न्यायचं म्हणालीस. ते म्हणाले, ज्याच्याबरोबर निघालीस त्याच्याकडून करून घे. आणि खडूने नाही, गाड्यांवर नंबर घालायच्या लाल रंगाने त्यावर फुली मारली. त्यांचं चुकलं. आई त्यांना मरेपर्यंत हेच सांगत होती. आई गेली तेव्हा तू आलीस, अंगणात उभी राहिलीस, ते एक शब्द बोलले नाहीत, तेही चुकलं. मी त्यांची वकिली करत नाहीये.

पण टेबल कुठे आहे ते तुला माहीत नाही. ते मागच्या पडवीत आहे. त्यावर कायम एक गोणपाट असतं. मला वाटायचं धूळ बसू नये म्हणून. नंतर कळलं की फुली दिसू नये म्हणून. ते गेली सतरा वर्षं त्या टेबलाजवळ बसून जेवत नाहीत, त्यावर काही ठेवत नाहीत आणि ते कुणाला देतही नाहीत. मी एकदा म्हटलं विकू या, तर आठवडाभर अबोला.

मी त्यांच्या फुल्या पुसू शकत नाही. ओल्या फडक्याने पुसायला काय, एका मिनिटाचं काम आहे. पण ज्याने मारली त्यानेच पुसायची. मी पुसली तर ते रात्री उठून पुन्हा मारतील, आणि माझ्याशी बोलणार नाहीत.

तुझं घर तळमजल्यावर आहे. मागची खोली आहे, तू शिलाईच्या जुन्या मशिनी ठेवतेस ती. मी तुझ्याकडे काही मागत नाहीये असं पहिल्या पत्रात लिहिलं होतं. तेही खोटं होतं. मी तेव्हापासून हेच मागतेय, फक्त भाड्याच्या आणि टोलच्या आडून. आता सरळ विचारते. ती खोली देतेस का? रविवारी आणि सुट्टीला मी येत जाईन, त्यांचा खर्च मी देईन, औषधपाणी माझं. तुला त्यांच्याशी बोलावं लागणार नाही, ते तसेही बोलत नाहीत.

नाही म्हणायचं असेल तर लवकर म्हण. काकांना गाडीचं नक्की सांगायचंय.

फूटपट्टी


३ एप्रिल

ताई,

घाईत लिहितेय, टपाल निघायच्या आत टाकायचंय.

तुझं पाकीट आलं. माझ्या नावाचं पाकीट, आत मला एक ओळसुद्धा नाही! नुसता खोलीचा नकाशा. लांबी, रुंदी, खिडकी जमिनीपासून किती वर, नळ कुठे, उंबरठा किती उंच, दाराची रुंदी. कुठे 'हो' लिहिलेलं नाही, कुठे 'नाही'ही लिहिलेलं नाही. मी तो उलटापालटा केला, उजेडाकडे धरला. मग म्हटलं हा माझ्यासाठी नाहीच. बाबांच्या मांडीवर ठेवला आणि बाजूला सरले.

त्यांनी चष्मा मागितला. खूप वेळ बघत होते. बोटाने भिंतीभिंतीवरून फिरले, खाट कुठे बसेल ते बघत असावेत, कारण बोट खिडकीखाली येऊन थांबलं. मला वाटलं आता काहीतरी बोलतील तुझ्याबद्दल. आणि बोलले काय तर,

"दार आत उघडतं की बाहेर, ते लिहिलंच नाहीये हिने. लहानपणापासून हेच. सगळं मोजते आणि दार विसरते."

मी म्हटलं, मग?

"मग काय? विचार तिला."

ताई, ते तुला काहीतरी विचारतायत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. म्हणून हे पत्र. दार आत उघडतं की बाहेर? लगेच कळव. माझा जीव टांगणीला लागलाय, आणि त्यांचाही, कारण सकाळपासून दोनदा मला म्हणाले की टपाल किती वाजता निघतं.


१२ एप्रिल

ताई,

तू पत्र न लिहिता फोन केलास. मी उचलला आणि तू माझ्याशी काही न बोलता म्हणालीस, त्यांना दे. मी दिला आणि स्वयंपाकघरात गेले, पण हे घर केवढं ते तुला माहीत आहे. त्यांचं सगळं ऐकू आलं. तुझं काय ते मला माहीत नाही, तेवढं तुम्हा दोघांचं राहू दे. त्यांच्या बाजूने एवढंच ऐकलं.

"आत उघडतं का? मग खाट उभी करून आत घ्यावी लागेल."

मग तुझं काहीतरी ऐकलं. मग म्हणाले, "पाय काढता येतात तिचे. मीच केलीय." मग, "हो." आणि फोन माझ्या हातात न देता खिडकीत ठेवून दिला, चालूच. मी उचलला तर तू अजून होतीस. आपण दोघी काहीच बोललो नाही आणि ह्या वेळी कुणी मध्येच ठेवलाही नाही. पैसे किती गेले असतील.

नंतर त्यांनी ओलं फडकं मागितलं. मी दिलं. मदत करू का विचारायचं तोंडावर आलं होतं, गिळलं. खाट, खुर्ची, ट्रंक, आरसा. खाली वाकता येत नव्हतं म्हणून चपला उचलून मांडीवर घेतल्या आणि पुसल्या. मी बाजूला बसून नवा अंदाज काढत होते. प्रत्येक फुली गेली की माझा आकडा वाढत होता. काकांना फोन करून सांगितलं, अर्धी नाही, पाऊण लागेल. काका म्हणाले, मला त्याच दिवशी माहीत होतं, मी बाकीची जागा दिलीच नाही कुणाला.

मला वाटलं तेवढ्यावर भागेल. मग ते काठी टेकत पडवीत गेले आणि मला म्हणाले, पॉलिशपेपर आण.

लाल रंग खडूसारखा जात नाही. त्यांचा हात कापतो, त्यामुळे घासणं सरळ होत नाही. मी म्हटलं सुताराला बोलावू, तासाभरात करील. ऐकलं नाही. ज्याने मारली त्यानेच, हे मी त्यांनाच शिकवायला जाणार होते की काय! रोज थोडं थोडं घासतायत. मधे थांबतात, हात मांडीखाली दाबून धरतात आणि पुन्हा सुरू करतात. टेबलाचं मोजमाप मी अंदाजात धरलेलं नव्हतं, तुला कळलं असेलच का. आता धरलं तर अख्खी गाडी लागतेय. मी हमालीच्या ओळीतून पैसे काढून डिझेलच्या ओळीत घातले, पहिल्या आठवड्याच्या जेवणातून काढून हमालीत घातले, आणि शेवटी कागदच ठेवून दिला. पहिला आठवडा तुझ्याकडे जेवू. चालेल ना?


२८ एप्रिल

ताई,

हे मी अंगणातल्या कठड्यावर बसून लिहितेय आणि ड्रायव्हरकाकांच्या हाती देणार आहे. गाडी आमच्या आधी पोचेल. बाबांना एवढा सलग प्रवास झेपणार नाही, आम्ही मधे एक मुक्काम करून बसने येऊ. म्हणजे गाडी दारात येईल तेव्हा तू आणि भाऊजीच असाल.

सकाळपासून बाबांनी आकाशपाताळ एक केलंय. अंगणात खुर्ची टाकून बसलेत आणि तिथून हमालांवर ओरडतायत. दोरीला गाठ कसली मारलीस, आरसा आडवा धरतात का, गादी खाली का टेकवली. दोघं हमाल त्यांच्याच हाताखाली शिकलेले आहेत, ते मुद्दाम एखादी गाठ चुकीची मारतात आणि माझ्याकडे बघून हसतात. बाबांच्या आवाजात जोर आलाय. पायात नाही, पण आवाजात आलाय.

मी सगळ्या खोक्यांवर खोल्यांची नावं लिहिली. माझी चार खोकी, त्यांच्यावर "तिसरा मजला". बाकी सगळ्यांवर "ताई, मागची खोली". लिहिताना हात जरा थांबला, मग सरावला.

घर रिकामं होत गेलं तसतशी मी आत-बाहेर करत राहिले. बसवत नव्हतं. एवढी घरं रिकामी होताना पाहिली, मला वाटलं होतं आपल्याला काही होणार नाही. आईच्या फडताळाच्या जागी भिंत वेगळ्या रंगाची दिसते. मी तिथे हात लावून आले. मला भीतीही वाटतेय आणि कधी एकदा निघतो असंही झालंय.

शेवटी सगळं चढलं आणि टेबल अंगणातच राहिलं. गाडीच्या पोटात त्याच्यासाठी आधी जागा होती, मी तिथे बसवायचं म्हणत होते, जड सामान खाली म्हणून. बाबांनी बसवू दिलं नाही. सगळ्यात शेवटी, म्हणाले. काका म्हणाले, अहो, टेबल आधी कुणाला लागतं, आधी गादी लागते, शेगडी लागते. बाबा म्हणाले, "आधी तेच लागेल."

म्हणून ते गाडीच्या मागच्या झडपेला, फाळक्याला लागून बांधलंय. गाडी उघडलीस की तुला पहिलं तेच दिसेल. फुली गेलीय, पण जागा कळते. तिथलं लाकूड पांढरं पडलंय आणि मधे जरासं खोलगट झालंय, हात कापत होता त्यामुळे. मी म्हटलं, पॉलिश लावून एकसारखं करून घेऊ. ते म्हणाले, "राहू दे. पुसलीय ते तिला दिसायला हवं."

टेबलावर कुठल्या खोलीचं नाव लिहायचं ते काकांनी विचारलं. बाबा रस्त्याकडे बघत होते. मग म्हणाले, "त्यावर काही लिहू नका. ती सांगेल तिथे ठेवा. नको म्हणाली तर परत घेऊन या."

मी काकांना बाजूला घेऊन सांगून ठेवलंय की परत आणायला इथे आता कुणी नाही, किल्ली घरमालकांना देऊन झालीय. तेव्हा ताई, दार पूर्ण उघडून ठेव. आत उघडतं ना ते?

तुझी फूटपट्टी